नाव आणि आकडा : मेल्स गावाचे चर्च, स्मृतिस्तंभ आणि पहिल्या महायुद्धातील सैनिक

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस, सॉमरसेट परगण्यात, मेंडिप टेकड्यांच्या पूर्वेकडील उतारावर मेल्स नावाचे लहानसे गाव आहे. फ्रूम हे जवळचे बाजाराचे शहर. गावात सेंट अँड्र्यूचे पंधराव्या शतकातील चर्च असून त्याचा उंच मनोरा दुरूनच दिसतो. चर्चला लागूनच हॉर्नर घराण्याचा वाडा आहे. ग्लास्टनबरीचा मठ बरखास्त झाल्यानंतर सोळाव्या शतकात ही जहागीर हॉर्नरांकडे आली. भोवतालच्या मुलखात शेती, चुनखडीचे दगड आणि कोळशाच्या लहान खाणी यांवर लोकांचा चरितार्थ चाले. फसेल कुटुंबाचे कोयते-विळे घडविणारे प्रसिद्ध कारखाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद पडले. अशा या गावात पहिल्या महायुद्धाच्या स्मृती दोन ठिकाणी जतन केलेल्या आढळतात : चर्चच्या आत दोन तरुणांच्या स्वतंत्र स्मारकांतून आणि चर्चबाहेर सर्व मृतांची नावे धारण करणाऱ्या एका स्तंभातून. युद्धस्मारकांकडे आपल्याकडील इतिहासलेखनाने बहुधा शिल्प किंवा समारंभ म्हणूनच पाहिले आहे. वस्तुतः स्मारक हा एक दस्तऐवज असतो. कोणाचे नाव कोरावयाचे, कोठे कोरावयाचे आणि कोणाची केवळ गणती करावयाची, हे निर्णय त्यात नोंदलेले असतात. प्रस्तुत लेखात मेल्स येथील स्मारकांचा या दृष्टीने विचार केला असून, त्याच युद्धात त्याच साम्राज्यासाठी मरण पावलेल्या मराठी शिपायाच्या वाट्याला आलेल्या दगडाशी त्यांची तुलना केली आहे.

सामान्य शिपायाला नाव मिळते

मृत शिपायाचे नाव दगडावर कोरण्याची प्रथा फार प्राचीन नाही. याचा उत्तम पुरावा मुंबईतच आहे. कुलाब्याचे सेंट जॉन चर्च, म्हणजेच सर्वपरिचित अफगाण चर्च, १८५८ मध्ये अर्पण करण्यात आले. सिंध व अफगाणिस्तानातील मोहिमांत कामी आलेल्यांच्या स्मरणार्थ ते बांधले गेले. तेथील लेखात अधिकाऱ्यांची नावे आहेत. मात्र कनिष्ठ दर्जाचे सैनिक संख्येने इतके आहेत की त्यांची नोंद करणे शक्य नाही, अशा आशयाचा खुलासाही तेथेच कोरलेला आहे. येथे वंशाचा प्रश्न मुख्य नव्हता. गोऱ्या साध्या शिपायालाही हीच वागणूक मिळाली होती. अधिकाऱ्याला नाव असे, शिपायाला संख्या असे, आणि याचे कोणाला वैषम्य वाटत नसे.

बोअर युद्धानंतर, म्हणजे १९०२ नंतर, इंग्लंडमधील अनेक स्मारकांवर सर्व दर्जांच्या सैनिकांची नावे दिसू लागली. स्वयंसेवक म्हणून गेलेली गावातील व शहरातील माणसे त्या युद्धात होती, हे त्यामागील एक कारण. तथापि खरा पालट घडला तो १९१४ नंतर. मृतदेह मायदेशी आणण्यास १९१५ मध्येच मनाई करण्यात आली. मे १९१७ मध्ये फेबियन वेअर यांच्या पुढाकाराने साम्राज्य युद्धसमाधी आयोग स्थापन झाला आणि १९१८ मध्ये फ्रेडरिक केन्यन यांच्या अहवालाने त्याची तत्त्वे निश्चित केली : सरदाराचा मुलगा असो वा शेतमजूर, समाधिशिला एकाच मापाची, खाजगी खर्चाने वेगळे थडगे नाही, प्रेत घरी नेता येणार नाही. नातेवाइकांना स्वतःचे शब्द कोरून घेण्यासाठी ६६ अक्षरांची मुभा होती, त्यापलीकडे काही नाही.

या धोरणास झालेला विरोध लहान नव्हता. तीन मुलगे गमावलेल्या लेडी फ्लॉरेन्स सेसिल यांनी आठ हजारांहून अधिक स्वाक्षऱ्यांचा अर्ज प्रिन्स ऑफ वेल्सकडे पाठविला. ४ मे १९२० रोजी पार्लमेंटात या विषयावर तीव्र चर्चा झाली; पण आयोगाची बाजू टिकली. परिणामी इंग्लंडच्या प्रत्येक गावात असे कुटुंब उरले ज्याच्याकडे मृत्यू होता, परंतु थडगे नव्हते. गावातील स्मारक हे त्या थडग्याच्या जागी आले. त्यावरील नाव म्हणजे केवळ गौरव नव्हे. फुले ठेवण्यासाठी आईला उपलब्ध असलेली ती एकमेव जागा होती. हे ध्यानात घेतल्यावाचून मेल्सच्या चर्चमधील दोन स्मारकांचा अर्थ लागत नाही.

चर्चच्या आत

रेमंड अस्क्विथ हा पंतप्रधान हर्बर्ट हेन्री अस्क्विथ यांचा थोरला मुलगा. ऑक्सफर्डमधील बेलियल कॉलेजचा अत्यंत बुद्धिमान विद्यार्थी म्हणून त्याची ख्याती होती. पुढे तो बॅरिस्टर झाला. १९०७ मध्ये त्याचा विवाह मेल्सच्या सर जॉन व फ्रान्सिस हॉर्नर यांची कन्या कॅथरिन हिच्याशी झाला, आणि त्या नात्याने तो या गावाचा जावई ठरला. ग्रेनेडियर गार्ड्समध्ये अधिकारी असताना, १५ सप्टेंबर १९१६ रोजी, सोम नदीच्या रणक्षेत्रात आपल्या तुकडीच्या अग्रभागी चालत असता गोळी लागून तो मरण पावला. रणगाडे युद्धात प्रथम उतरले तो हाच दिवस. त्याचे वय ३७ वर्षांचे होते आणि धाकटा मुलगा अवघ्या काही महिन्यांचा होता. वडील त्या वेळी देशाचे पंतप्रधान होते. तरीही मुलाचे प्रेत फ्रान्समध्ये गिलमाँ येथील दफनभूमीतच राहिले. समानतेचे तत्त्व किती काटेकोरपणे पाळले गेले याचे यापेक्षा बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे.

मेल्सच्या चर्चमध्ये मनोऱ्याच्या आतील भिंतीवर रेमंडचे स्मारक आहे : वास्तुशिल्पी एडविन लुटियन्स यांनी कल्पिलेले काशाचे पुष्पचक्र आणि त्याखाली एरिक गिल यांनी थेट भिंतीच्या दगडात कोरलेला लॅटिन लेख. वेगळा फलक बसविलेला नाही. अक्षरे चर्चच्या देहातच कोरली आहेत आणि त्यांचा परिणाम संयत, जवळजवळ कोरडा वाटावा असा आहे.

कॅथरिनचा भाऊ एडवर्ड हॉर्नर याचे स्मारक मात्र सर्वस्वी निराळ्या जातीचे आहे. एडवर्डचा धाकटा भाऊ मार्क १९०८ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, लोहितांग ज्वराने गेला होता. त्यामुळे एडवर्ड हा घराण्याचा एकमेव पुरुष वारस उरला. १९१५ मध्ये तो गंभीर जखमी झाला व त्याचे एक मूत्रपिंड काढावे लागले. अशा अवस्थेत त्याला घरी राहता आले असते. पण तो पुन्हा आघाडीवर गेला. २१ नोव्हेंबर १९१७ रोजी, काँब्रेच्या लढाईत, न्वायेल या खेड्यात तो मारला गेला. तो १८ व्या हुसार्स या घोडदळाच्या पलटणीत होता. वय २९. त्याच वर्षी मेल्स पार्क हे हॉर्नरांचे मोठे घर आगीत भस्मसात झाले होते. पुत्राच्या मृत्यूने घराण्याची पुरुषपरंपरा संपली आणि जहागीर कालांतराने कन्येच्या, म्हणजे अस्क्विथ, वंशाकडे गेली.

चर्चमधील हॉर्नरांच्या उपासनाकक्षासाठी एडवर्डचा काशाचा अश्वारूढ पुतळा घडविण्यात आला. घोड्यांचे चित्रकार म्हणून प्रसिद्ध असलेल्या आल्फ्रेड मनिंग्ज यांची ही पहिलीच सार्वजनिक शिल्पकृती. १९१८ मध्ये कॅनडाच्या घोडदळासोबत युद्धचित्रकार म्हणून त्यांनी काम केले होते, त्यामुळे थकलेला घोडा आणि त्यावर सैलसर बसलेला तरुण स्वार त्यांच्या डोळ्यांपुढे होता. चौथरा लुटियन्स यांचा असून लंडनच्या सेनोटाफची ठेवण त्यात सहज ओळखू येते. चौथऱ्यालाच एक साधा लाकडी क्रूस जडविलेला आहे. तो एडवर्डच्या फ्रान्समधील थडग्यावरचा मूळ क्रूस होय. आयोगाने दगडी समाधिशिला बसविल्यावर युद्धभूमीवरचे असे क्रूस मागणी करणाऱ्या कुटुंबांना परत दिले जात, आणि इंग्लंडमधील अनेक खेड्यांच्या चर्चमध्ये ते आजही भिंतीवर टांगलेले दिसतात. सैन्याच्या कोठारात तयार झालेले हे ओबडधोबड लाकूड कलाकृतीशेजारी विसंगत दिसावयास हवे होते. प्रत्यक्षात पाहणाऱ्याचे लक्ष प्रथम त्याकडेच जाते.

फ्रान्समध्ये एडवर्डची समाधिशिला शेजारच्या शिपायाइतकीच उंच आहे. मेल्समध्ये तो घोड्यावर बसला आहे. परदेशी भूमीवर नाकारलेले वेगळेपण कुटुंबाने आपल्या गावातील चर्चमध्ये पुनः प्राप्त करून घेतले, असे येथे म्हणता येते. तसे करण्याचे साधन त्यांच्यापाशी होते. चर्चमध्ये कोणतेही नवे स्मारक बसविण्यासाठी धर्मप्रांताच्या न्यायाधिकाऱ्याची लेखी अनुज्ञा आवश्यक असते. शिवाय उत्तम कारागीर, पैसा आणि वंशपरंपरागत कक्षही हवा. खाणीत किंवा शेतावर राबणाऱ्या घरातील आईला यांपैकी काहीही सुलभ नव्हते. तथापि या स्मारकाकडे केवळ वर्गीय अहंतेचे प्रदर्शन म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. एका मागोमाग दोन्ही मुलगे गमावलेल्या, जावयाचाही मृत्यू पाहिलेल्या फ्रान्सिस हॉर्नर यांचे दुःख त्यात आहे, आणि ते दुःख शेजारणीच्या दुःखाहून जातीने वेगळे नव्हते. फरक होता तो दुःख व्यक्त करण्याच्या ऐपतीचा.

चर्चच्या बाहेर

गावाच्या स्मारकासाठी जागा निवडण्याकरिता लुटियन्स गावातील प्रतिष्ठितांसह सारे मेल्स पायी फिरले. या लोकांचे सगळे तरुण मारले गेले, अशा आशयाचे उद्गार त्यांनी त्यानंतर काढले. अखेर निश्चित झालेल्या जागी एक स्तंभ उभा राहिला. त्याच्या शिरावर ड्रॅगनचा वध करणारा सेंट जॉर्ज, पायथ्याशी मृतांची नावे कोरलेले शिलापट्ट, दोन्ही बाजूंस स्थानिक दगडाच्या भिंती व त्यांवर यू वृक्षांचे कुंपण. भिंतीतून पुढे आलेले ठेंगणे दगडी बाक पुष्पचक्रे ठेवण्यासाठी आहेत. २६ जून १९२१ रोजी रेमंडचा भाऊ ब्रिगेडियर जनरल आर्थर अस्क्विथ याच्या हस्ते अनावरण झाले. रेमंडचे नाव या स्तंभावरही आहे. पंतप्रधानाचा मुलगा येथे गावातील इतर मृतांच्या रांगेत आला.

स्मारक चर्चच्या आत असावे की बाहेर, हा त्या काळी इंग्लंडमधील गावोगावच्या समित्यांपुढील मोठा वादाचा विषय होता. प्रस्थापित चर्चबाहेरच्या पंथांचे, मेथडिस्ट वा बॅप्टिस्ट, लोक गावात असत. आपल्या मुलाचे नाव ज्या चर्चमध्ये आपण पाऊल ठेवत नाही तेथे जावे हे त्यांना रुचत नसे. म्हणून चौकात, रस्त्याच्या फाट्यावर किंवा मोकळ्या जागी स्मारक उभारण्याकडे कल वाढला. नावांचा प्रश्न याहून नाजूक होता. गाव सोडून दुसरीकडे नोकरीस गेलेला मुलगा कोणत्या गावाचा? युद्ध संपल्यावर जखमांनी मेलेला युद्धात मेला असे धरावयाचे काय? एकच नाव त्यामुळे दोन-तीन गावांच्या दगडांवर आढळते, तर काही नावे कोठेच आढळत नाहीत. केंटमधील शोरहॅमचे उदाहरण प्रसिद्ध आहे. तेथील थॉमस हायगेट या शिपायाला सप्टेंबर १९१४ मध्ये पलायनाच्या आरोपावरून गोळ्या घालण्यात आल्या. त्या युद्धात अशी शिक्षा झालेला तो पहिला ब्रिटिश सैनिक. २००० मध्ये, म्हणजे शहाऐंशी वर्षांनंतर, त्याचे नाव स्मारकावर घ्यावे का यावर गावाच्या परिषदेने विचार केला आणि नकार दिला. २००६ मध्ये कायद्याने अशा ३०६ सैनिकांना माफी मिळाली.

ज्या गावातून गेलेले सर्व सैनिक जिवंत परतले, अशा गावांना आर्थर मी या लेखकाने १९३० च्या दशकात ‘कृतज्ञ गावे’ असे नाव दिले. इंग्लंड व वेल्समध्ये अशी जेमतेम पन्नासेक गावे सापडतात. त्यांपैकी रॉडनी स्टोक हे मेंडिपच्याच पायथ्याशी आहे. उरलेल्या हजारो गावांत दगड आहेत.

या दगडांना संशोधकाच्या दृष्टीने आणखी एक मोल आहे. सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवरील बाँबवर्षावात युद्धखात्याचे दप्तर जळाले आणि पहिल्या महायुद्धातील साध्या शिपायांच्या सेवापत्रांपैकी सुमारे ६० टक्के नष्ट झाली. त्यामुळे कित्येक सैनिकांच्या बाबतीत गावचा दगड, १९११ ची खानेसुमारी, पदकांची नोंदपत्रे आणि समाधी आयोगाची वही एवढ्यावरूनच चरित्र उभे करावे लागते. शोधाचा प्रारंभ जवळजवळ नेहमी दगडावरील नावापासून होतो.

त्याच वर्षी, दुसऱ्या दगडावर

मेल्सचा स्तंभ उभा राहत असताना लुटियन्स यांचे मोठे काम दिल्लीत चालले होते. अखिल भारतीय युद्धस्मारकाची, म्हणजे आजच्या इंडिया गेटची, कोनशिला १० फेब्रुवारी १९२१ रोजी, मेल्सच्या अनावरणापूर्वी साडेचार महिने, ड्यूक ऑफ कनॉट यांच्या हस्ते बसविली गेली. १९३१ मध्ये ते पूर्ण झाले. त्यावर तेरा हजारांहून अधिक नावे आहेत. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या भारतीय सैनिकांची संख्या सुमारे ७४ हजार मानली जाते, हे लक्षात घेता कमानीवर न मावलेल्यांचे काय झाले हा प्रश्न उरतोच.

फ्रान्समध्ये न्यूव्ह-शापेल येथे १९२७ मध्ये अनावरण झालेल्या स्मारकावर ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे कोरली गेली. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तसे घडले नाही. आणि महाराष्ट्राचा संबंध प्रामुख्याने मेसोपोटेमियाशी आहे. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात कुट येथे वेढ्यात सापडलेल्या सहाव्या (पूना) डिव्हिजनमध्ये १०३ वी व ११० वी मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७ वी मराठा या पलटणी होत्या. उपासमार, रोगराई, २९ एप्रिलची शरणागती आणि त्यानंतरची कैद यांत असंख्य माणसे दगावली. वेढा फोडण्यासाठी जे सैन्य पाठविण्यात आले त्यात सॉमरसेट लाइट इन्फंट्रीची १/४ ही पलटणही होती. ती ऑक्टोबर १९१४ मध्ये हिंदुस्थानाकडे रवाना झाली आणि १९१६ च्या प्रारंभी बसऱ्यास उतरली. सॉमरसेटचा शेतमजूर आणि साताऱ्याचा कुणबी अशा प्रकारे एकाच नदीकाठच्या चिखलात, एकाच शत्रूसमोर होते.

१९२९ मध्ये बसरा स्मारकाचे अनावरण झाले. ब्रिटिश पलटणींतील साध्या शिपायांची नावे त्यावर एकेक करून कोरण्यात आली. भारतीय पलटणींच्या बाबतीत मात्र अधिकाऱ्यांची नावे आली आणि शिपायांची केवळ संख्या, पलटणीच्या नावाखाली. कुलाब्याच्या चर्चमधील १८५८ चा नियम ब्रिटिश सैनिकापुरता रद्द झाला होता. भारतीय शिपायापुरता तो चालू राहिला. एप्रिल २०२१ मध्ये आयोगाच्या विशेष समितीने प्रसिद्ध केलेल्या अहवालात हे मान्य केले आहे, आणि तत्कालीन साम्राज्यवादी दृष्टीतील वर्णद्वेष हे त्याचे कारण असल्याचेही नमूद केले आहे. आशिया व आफ्रिकेतील किमान ४५ हजार मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले. आणखी एक लाखाहून अधिक जणांचे नावाने स्मरण झालेच नाही, असा समितीचा अंदाज आहे.

हीच रीत खेड्यापर्यंत पोहोचली. युद्धानंतर सरकारने हिंदुस्थानातील सैनिकी परंपरेच्या गावांत शिलापट्ट बसविले. त्यांवरील मजकूर ठराविक असे : १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून अमुक माणसे गेली, त्यांपैकी अमुक जणांनी प्राण दिले. दोन आकडे, नाव एकही नाही. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे (मिलिटरी) या गावाने त्या युद्धात ४६ जवान गमावले असे सांगितले जाते; हा आकडा आजही तेथील लोकांच्या तोंडी आहे. रत्नागिरी व सातारा जिल्ह्यांतील चावडीच्या भिंतीवरील असा दगड वाचणाऱ्या म्हातारीला त्यातला एक आपला, एवढेच स्वतःशी म्हणता येत होते.

एवढी नावे कोठून आणावयाची, ही अडचण पुढे केली जाऊ शकते. परंतु आकडा कोरण्यापूर्वी कोणीतरी माणसे मोजलेली असतात, आणि मोजण्यासाठी यादी लागते. पंजाबात गाववार तयार केलेल्या अशा नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात टिकून होत्या. त्यांतील सुमारे तीन लाख वीस हजार सैनिकांच्या नोंदींचे संगणकीकरण २०२१ मध्ये जाहीर झाले. इच्छेच्या अभावाचे दुसरे प्रमाण पुण्याजवळच आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कोरेगाव भीमा येथे कंपनी सरकारने उभारलेल्या स्तंभावर मृत व जखमी देशी शिपायांची नावे कोरलेली आहेत. त्यांत महार शिपाई मोठ्या संख्येने आहेत. या स्तंभाला पुढे जो सामाजिक अर्थ प्राप्त झाला त्यामागे ती वाचता येणारी नावे आहेत, हे विसरता येत नाही. १८२० च्या दशकात भीमेच्या काठी जे शक्य झाले ते शंभर वर्षांनंतर तैग्रिसच्या काठी अशक्य का ठरावे, याचे उत्तर दगडाच्या वा जागेच्या टंचाईत सापडणार नाही.

बसरा स्मारकाची जागाही पुढे बदलली. १९९७ मध्ये इराक सरकारने ते मूळ ठिकाणाहून हलवून वाळवंटात नेले. दगडावर नसलेली भारतीय शिपायांची नावे मात्र आयोगाच्या कागदोपत्री नोंदींत राहिली होती आणि आज ती पाहता येतात. अशा नोंदीत शिपायाचा क्रमांक व पलटण यांच्याबरोबर पुष्कळदा वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो. इंग्रज कारकुनाने उच्चारावरून लिहिलेली गावांची नावे ओळखू न येण्याइतकी बदललेली आहेत. ती सोडविण्यास त्या त्या भागाची माहिती असलेला अभ्यासकच हवा.

आणखी एक साधन घराघरांत आहे. युद्धात मेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या वारसाला सरकारने काशाची सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची गोल तबकडी दिली. ब्रिटानिया व सिंह यांच्या आकृतीशेजारी तीवर मृताचे नाव उठविलेले असे. हुद्दा मुद्दाम वगळलेला होता. सर्वांचे बलिदान समान मानावे हा त्यामागील हेतू. एकंदर तेरा लाखांहून अधिक तबकड्या दिल्या गेल्या आणि त्या भारतीय सैनिकांच्या कुटुंबांनाही मिळाल्या. अशा तबकडीवर रेमंड अस्क्विथचे नाव जसे आले, तसेच साताऱ्याच्या शिपायाचेही आले : पलटण नाही, हुद्दा नाही, आकडा नाही.